मागच्या बाकावरचं वर्ष

पाळकांना सगळी मंडळी पाठीमागे ‘फूटपट्टी’ म्हणते, हे पाळकीणबाईंना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं. राग यायला हवा होता, आलं हसू. नाव ठेवणाऱ्यानं उगाच ठेवलं नव्हतं. माणूस उंच, सडपातळ, आणि ताठ असा की खुर्चीला पाठ असते हे त्यांना कोणी सांगितलंच नसावं. स्वभावाचं तर विचारूच नका. पाळक होण्याआधी काही वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दुसऱ्यांच्या चुका काढण्याचा पगार घेतलेला माणूस. नोकरी सुटली पण सवय सुटली नाही. रविवारच्या गीतांचा कागद हातात पडला की आधी लाल पेन्सिल बाहेर निघायची, गाणं मागाहून.

बाई आता थकल्या होत्या, आणि नुसत्या वयानं नाही. पाळकाच्या बायकोचा थकवा हा वेगळाच प्रकार आहे. प्रार्थनागृहाच्या मागच्या भिंतीला लागून त्यांचं घर: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि एक अरुंद बोळ, त्यात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या छत्र्या आणि चपला. दिवसभर दार उघडायचं, चहा टाकायचा, आणि आतल्या खोलीत नवरा कोणाला काय बोलला ते त्या माणसाच्या बाहेर पडणाऱ्या चेहऱ्यावरून ओळखायचं. चेहरा उजळलेला असेल तर एक बिस्कीट. पडलेला असेल तर दोन बिस्किटं आणि चार गोड शब्द. जन्मभर त्या नवऱ्यानं काढलेल्या खुणा पुसत आल्या होत्या, आणि त्याबद्दल त्यांना कोणी कधी धन्यवाद दिले नव्हते. नवऱ्यानं तर नाहीच.

त्यांची मंडळी बाप्टिस्ट, आणि तीही अगदी जुन्या वळणाची. तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडलं आणि झालं, असं तिथे चालत नाही. माणूस कळता झाला पाहिजे, स्वतःहून विश्वासात आला पाहिजे, सगळ्यांसमोर तसं सांगितलं पाहिजे. मग व्यासपीठाच्या फळ्या उचलायच्या, खालचा हौद भरायचा, आणि त्याला डोक्यासकट पाण्यात घालून बाहेर काढायचं. हा झाला बाप्तिस्मा. तो झाल्याशिवाय प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायची, भाकर नाही आणि प्याला नाही. पाण्यानं कोणी तरत नाही, तारतो तो विश्वास, हे पाळक दर वेळी बजावून सांगायचे. पण ज्याचा विश्वासच नव्हता त्याचं पाण्यात उतरणं म्हणजे नुसती आंघोळ, हेही बजावायचे.

म्हणून बाप्तिस्मा मागायला आलेल्या प्रत्येकाला ते आतल्या खोलीत बसवून एक प्रश्न विचारत. ‘हे तुम्ही कोणासाठी करताय?’

वाटतो साधा, पण या प्रश्नानं भल्याभल्यांना घाम फोडला होता. समोरचा बेकरीवाला घ्या. एके काळी तो असा प्यायचा की सकाळचे पाव दुपारी निघायचे. पाळकांनी त्याला एका शब्दानं उपदेश केला नाही. रोज संध्याकाळी गुत्ता उघडायच्या वेळेला ते बेकरीच्या दारात जाऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, ‘चला, फिरून येऊ.’ अख्खा हिवाळा दोघं फिरले. बेकरीवाला अजून सांगतो, ‘बोलणं कसलं? साहेब पुढे चालायचे आणि मी मागून शिव्या घालायचो.’ हिवाळा सरता सरता शिव्या आटल्या, मग दारू आटली. मग तो बाप्तिस्मा मागायला आला. कोणासाठी? तर म्हणे बायकोसाठी. ‘मग थांबा,’ पाळक म्हणाले. पुन्हा आला, पुन्हा थांबवलं. शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘कोणासाठी ते गेलं खड्ड्यात. आता मला हे घेतल्यावाचून राहवत नाही, बस्स.’ पाळक उठले आणि म्हणाले, ‘चला, पाणी सोडू.’ तोच बेकरीवाला आज मंडळीचा डीकन, म्हणजे उपासनेत पाळकांचा मदतनीस, आहे. दर महिन्याला प्रभुभोजनाच्या भाकरीचा ट्रे तोच फिरवतो, आणि अजून त्याचे हात कापतात.

पण सगळेच काही बेकरीवाले नसतात. एक गुणी पोरगी ऑर्गन वाजवायची. तिनं निवडलेला मुलगा मंडळीबाहेरचा निघाला म्हणून पाळकांनी लग्न लावायला नकार दिला. ती गेली ती गेलीच, आणि पुढची किती वर्षं मंडळी नुसत्या टाळ्यांवर गात होती. आणि त्या गणिताच्या निवृत्त मास्तरीणबाई. मंडळीतल्या अर्ध्या लोकांना पाढे त्यांनीच शिकवलेले. त्या दुसऱ्या चर्चमधून आलेल्या, बाप्तिस्मा तान्हेपणी शिंपडून झालेला. आधीच्या पाळकांनी कानाडोळा केला आणि मास्तरीणबाई वर्षानुवर्षं भाकर घेत राहिल्या. फूटपट्टींच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी नियमच करून टाकला. खऱ्या बाप्तिस्म्यावाचून जो प्रभूच्या मेजेवर बसला, त्यानं एक वर्ष मेजेपासून लांब राहायचं. प्रभुभोजनाच्या रविवारी अगदी मागच्या बाकावर बसायचं, जिथे ट्रे येतच नाही. वर्ष झालं की मग पाण्यात.

‘नियम असेल तर नियम,’ मास्तरीणबाई म्हणाल्या, आणि पांढऱ्या केसांनिशी आपल्याच विद्यार्थ्यांच्या देखत वर्षभर त्या बाकावर बसल्या. एकदाही चुकल्या नाहीत. पण त्यानंतर पाळकांच्या घरी आल्या तर चहा घ्यायच्या, बिस्किटाला हात लावायच्या नाहीत. कशाचा राग कशावर निघेल, सांगता येत नाही.

हे सगळं बाईंनी पोटात घातलं. एक गोष्ट मात्र काही केल्या पोटात राहिली नाही, ती त्यांच्या मुलाची.

मिसरूड फुटायच्या वयाचा असेल. एका रविवारी दुपारी धुतलेला शर्ट घालून, केसांवर पाणी मारून तो बापाच्या खोलीत गेला आणि म्हणाला, मला बाप्तिस्मा हवाय. दार अर्धवट उघडं होतं. बाई स्वयंपाकघरात मटार सोलत होत्या, आणि आनंदानं त्यांच्या हातून शेंगा सांडायच्या बाकी होत्या. मग तो प्रश्न आला. कोणासाठी?

पोरगं बिचारं खरं बोललं. ‘तुमच्यासाठी, बाबा. तुम्हाला बरं वाटेल म्हणून.’

‘मग थांब,’ बाप म्हणाला.

मुलगा बाहेर आला. त्यानं दार आपटलं नाही, काही नाही. शर्ट बदलला आणि सायकल घेऊन गेला. परत त्यानं कधी तो विषय काढला नाही. आता तो लांब एका बंदरात क्रेन चालवतो. दर रविवारी उपासना संपली की फोन करतो, आईशी पोटभर बोलतो आणि शेवटी विचारतो, ‘बाबा बरे आहेत ना?’ बाबा दोन हातांच्या अंतरावर, हात मांडीखाली घेऊन बसलेले असतात. ‘बरे आहेत,’ बाई सांगतात, आणि फोन ठेवतात.

त्या दिवशी मटार सोलताना बाईंच्या काळजात जे चर्र झालं, ते नुसतं पोरासाठी नव्हतं. त्या स्वतः कोणासाठी पाण्यात उतरल्या होत्या? तर याच माणसासाठी.

बाई म्हणजे एका घड्याळजीची मुलगी. घरात धर्माचं कोणाला सोयरसुतक नव्हतं. वडिलांचा विश्वास असलाच तर दातेरी चाकांवर. प्रार्थनागृहाचं भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून एक नवा कोरा पाळक ते बगलेत मारून दुकानात आला. कान जरा मोठे आणि आवाज असा, की नुसतं ‘किती वेळ लागेल’ विचारलं तरी ऐकत राहावं. बाई रविवारी उपासनेला जायला लागल्या. पाहायला कोणाला जात होत्या हे सगळ्या गल्लीला माहीत होतं. पुढे त्यानं सरळ सांगितलं की आपल्याला मंडळीबाहेर लग्न करता येणार नाही. ‘मग मला आत घ्या की,’ त्या म्हणाल्या. बाप्तिस्म्याआधीच्या बैठका झाल्या. त्यात घड्याळं झाली, छापखान्यातल्या गमतीच्या चुका झाल्या, हसून हसून पुरेवाट झाली. तो एक प्रश्न तेवढा झाला नाही. पाण्यात जाताना बाईंच्या मनात देव नव्हता. पाठीवर त्याचा हात होता, तोच काय तो मनात होता.

पाळकांच्या हातचा तो पहिलाच बाप्तिस्मा.

त्यानंतर एवढी वर्षं त्या भाकर घेत आल्या. आपलं काही चुकतंय असं वाटायचं नाही, कारण काही वाटायचंच नाही. गाणी पाठ होती आणि वचनं पाठ होती. रडणाऱ्याबरोबर प्रार्थना करताना आवाज योग्य जागी भरून यायचा. स्वयंपाक येतो तसं ते सगळं येत होतं.

मग गेल्या हिवाळ्यात त्यांच्या छातीत पाणी झालं आणि त्यांना दवाखान्यात ठेवलं. बरं वाटायला लागल्यावरची एक दुपार. वॉर्डातली बाई फरशी पुसत होती, शेजारच्या खाटेवरची म्हातारी घोरत होती, खिडकीत कोणाचे तरी मोजे वाळत होते. भेटायला कोणी आलेलं नव्हतं. आणि बाईंच्या एकदम लक्षात आलं की आपण कोणाशी तरी बोलतोय. ओठ न हलवता, बराच वेळ. आणि ऐकणारा आहे. ना भीती, ना चमत्कार. बाईंना हसू आलं. अरे, लोक उभं राहून साक्ष देतात, गळा काढून रडतात, ते हे होय. जन्मभर ज्या घरात चहा केला त्या घराचा धनी आज भेटला, असं त्यांना वाटलं. त्या इतक्या सुखावल्या की डोळे पुसायलाही विसरल्या.

सुख टिकलं संध्याकाळपर्यंत. मग त्यांनी मागचा हिशेब मांडला. हा विश्वास आजचा असेल, तर तेव्हाचं पाण्यात उतरणं काय होतं? नुसती आंघोळ. नवऱ्याचेच शब्द. आणि ही जी भाकर इतकी वर्षं खाल्ली, ती कोणत्या हक्कानं?

घरी आल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला त्यांनी तुकडा घेतला, पण तो गिळवेना. पुढच्या महिन्यात ट्रे आला तेव्हा त्यांनी तो तसाच शेजारी दिला. शेजारी मास्तरीणबाई. त्यांच्या नजरेतून मुलांची कॉपी सुटली नव्हती, हे काय सुटणार? त्यांनी बाईंच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. बाहेर पडताना एवढंच म्हणाल्या, ‘मी काही पाहिलं नाही हं.’

बाईंची खरी पंचाईत अशी होती. गप्प बसावं, तर भाकर हातात धरवत नाही. देवाशी आताच कुठे ओळख झाली आणि पहिलीच गोष्ट खोटी. बोलावं, तर नवऱ्याच्या आयुष्याची माती. येत्या उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते. निरोप समारंभाची कुजबुज सुरू होती, नवा तरुण पाळक ठरलाही होता. जन्मभर लोकांचे बाप्तिस्मे भिंगाखाली धरणाऱ्याच्या घरात, त्याच्या स्वतःच्या हातचा पहिलाच बाप्तिस्मा खोटा! ऑर्गनवाली ऐकेल, मास्तरीणबाई ऐकतील. आणि बंदरात बसलेला मुलगा ऐकेल. त्याच्याशी काय बोलायचं, हे तर बाईंना सुचतच नव्हतं.

एके दिवशी चार वाजताच्या चहाला त्यांनी सांगून टाकलं. फार शब्द केले नाहीत, दवाखान्यातली दुपार सांगितली आणि तेव्हाचं पाणी सांगितलं. ‘मी देवासाठी नव्हते उतरले हो. तुमच्यासाठी उतरले होते.’

पाळक बराच वेळ चहा ढवळत राहिले. साखर ते घेत नसत.

‘राहू दे,’ ते म्हणाले. ‘देव अंतःकरण पाहतो.’

बाईंनी कप खाली ठेवला. हे वाक्य या घरात बंद होतं. जो तो हेच वाक्य घेऊन आतल्या खोलीत जायचा आणि पडलेलं तोंड घेऊन बाहेर यायचा. आणि आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली, ती ही की नवरा दचकला नव्हता.

‘तुम्हाला माहीत होतं?’

‘विचारलं नाही, म्हणून माहीत नव्हतं,’ पाळक म्हणाले.

‘का नाही विचारलंत?’

‘तू खरं बोलली असतीस.’

बाईंना त्यांचा राग आला आणि कीवही आली, दोन्ही एकदमच. पुढचे काही दिवस घरात शब्द मोजूनमापून वापरले गेले. पाळक मोकळ्या प्रार्थनागृहात जाऊन बसायचे, जेवायला यायचे, पुन्हा जायचे. त्यांचे खांदे पडलेले बाईंनी कधी पाहिले नव्हते, ते आता पाहिले. मग एका सकाळी दाढी करता करता आरशातूनच ते म्हणाले, ‘सभासदांची सभा बोलावली आहे. तू बोल. सगळं बोल.’

आता या मंडळीत पाळक म्हणजे काही राजा नव्हे. कोणाला आत घ्यायचं, कोणाला बाप्तिस्मा द्यायचा, हे सभासद हात वर करून ठरवतात. अध्यक्षाच्या खुर्चीत पाळक, समोर बाकांवर माणसं, आणि मध्ये एकट्या उभ्या बाई. त्यांनी सांगितलं. घड्याळाच्या दुकानापासून सांगितलं. मोठ्या कानांचं सांगितलं तेव्हा कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकलं. ‘मी तुम्हा सगळ्यांसमोर बसून खाल्लेली भाकर चुकीची होती,’ त्या म्हणाल्या. ‘आता मला खरंच पाण्यात उतरायचंय. आणि यांच्याच हातून, हे जायच्या आत.’

डीकन बेकरीवाला आपल्या बुटांकडे पाहत होता. मग मास्तरीणबाई काठी टेकत उठल्या, आणि बाईंच्या मनात आलं, आता आली आपली पाळी. वर्षभराचा हिशेब आज चुकता होणार.

‘नियमाप्रमाणे यांना वर्षभर मागे बसावं लागेल,’ मास्तरीणबाई म्हणाल्या. ‘मी बसलेय तिथे. कसं असतं ते मला विचारा. पुढे सगळे गाणं म्हणतात आणि आपण वही विसरलेल्या पोरासारखे बसतो. माझं म्हणणं, मी बसले तेवढं पुरे झालं. यांना बसवू नका. येत्या रविवारी पाणी भरा.’

हात भराभर वर गेले. एकही खाली राहिला नाही. बेकरीवाल्यानं तर दोन्ही वर केले. बाईंचा ऊर भरून आला. इतकी माया आपल्या वाट्याला आहे याचा त्यांना अंदाजच नव्हता.

पाळक उठून उभे राहिले. ‘मंडळीचा मी आभारी आहे,’ ते म्हणाले. ‘पण मास्तरीणबाईंना एक नियम आणि माझ्या बायकोला दुसरा, असं मला करता येणार नाही. पाणी भरलंत तरी मी त्यात उतरणार नाही. एक वर्ष.’

झालं. फूटपट्टी ती फूटपट्टीच. लोक एकमेकांकडे पाहत उठले. बाई कोणाकडेही न पाहता बोळातून घरात आल्या आणि त्यांनी सूपचं पातेलं असं आदळलं की भिंतीपलीकडे ऐकू जावं. वर्षभरानं हे पाळक राहणार नव्हते. म्हणजे यांच्या हातून बाप्तिस्मा गेला तो गेलाच. सगळ्या मंडळीनं सोडलं आणि या माणसानं धरलं. बाईंनी त्यांना जेवायला वाढलं, पण समोर बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच म्हणाल्या, ‘मुलाला थांबवलंत, तेव्हा मी गप्प बसले. चुकलंच माझं.’ पाळकांनी चमचा खाली ठेवला. जेवले नाहीत.

प्रभुभोजनाचा रविवार उजाडला. बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. बाक भिंतीला टेकलेलं, खाली जुन्या गीतपुस्तकांची खोकी, पाय नीट पसरता येईनात. मास्तरीणबाईंनी सांगितलं ते खरं होतं: इथून नुसत्या पाठी दिसतात. पाळकांनी उपदेश केला, नेहमीपेक्षा आखूड. मग पांढरं कापड घातलेल्या मेजेमागे जायची वेळ आली. ते व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले, बेकरीवाल्याच्या कानात काहीतरी बोलले. बेकरीवाला पांढराफटक पडला. आणि पाळक मेजेला वळसा घालून, मधल्या वाटेनं, ताठ चालत मागे यायला लागले. माना वळत गेल्या. ते शेवटच्या बाकाशी आले आणि बायकोला म्हणाले, ‘सरक जरा.’

बाई सरकल्या. पुढे पाळकांच्या जागी बेकरीवाला कसाबसा प्रार्थनेला उभा राहिला होता.

‘हे काय?’ बाई कुजबुजल्या.

‘नियम,’ पाळक म्हणाले. ‘पाण्यात तू उतरलीस. पण उतरवलं मी, न विचारता. माझंही वर्ष.’

‘अहो, पण तुम्ही तर उन्हाळ्यात...’

‘हो. मेजेमागे आता मी उभा राहणार नाही. झालं माझं.’ त्यांनी पाय ठेवायला खोकी जरा ढकलून पाहिली, ती हलेनात. ‘तुला तो नवा पोरगा पाण्यात उतरवेल. सांगून ठेवलंय त्याला, नीट विचार म्हणून. मी टॉवेल घेऊन उभा राहीन.’

बायकांच्या बाप्तिस्म्याला टॉवेल धरून उभं राहायचं काम आजवर बाईंचं होतं. बेकरीवाल्याची प्रार्थना लांबत चालली होती, घाबरलेला माणूस थांबायचं कुठे हे विसरतो.

‘सकाळी त्याला फोन केला,’ पाळक मेजेकडे पाहत म्हणाले. त्याला म्हणजे मुलाला, हे बाईंना सांगावं लागलं नाही. या माणसानं आपणहून मुलाला फोन लावल्याचं त्यांना आठवत नव्हतं. ‘तुझं सांगितलं. माझं सांगितलं.’

‘काय म्हणाला?’

‘म्हणाला, आईला विचारलं नाहीत, मग मला का विचारलंत?’

‘मग?’

‘म्हटलं, तू जे बोललास ते मी तुझ्या आईच्या तोंडून ऐकायला घाबरत होतो. तू बोललास, आणि मी त्याची शिक्षा तुला दिली.’

बाईंनी तोंडाला पदर लावला. नवरा त्यांच्याकडे बघत नव्हता. बघवत नव्हतं त्याला. त्याचे दोन्ही हात मांडीखाली होते, फोनच्या वेळी असतात तसे. मुलगा त्यावर काय म्हणाला, हे बाईंनी थोड्या वेळानं विचारलं.

‘काही नाही. मग म्हणाला, ड्यूटीची वेळ झाली, संध्याकाळी पुन्हा बोलू. तुम्हीच उचला म्हणाला.’

ट्रे फिरायला लागला होता. एकेक बाक मागे टाकत बेकरीवाला येत होता, आणि शेवटून दुसऱ्या बाकाशी त्यानं थांबायला हवं होतं, तिथे तो थांबला नाही. तसाच पुढे आला आणि पाळकांसमोर उभा राहिला. डोळ्यांतून पाणी गालावर आलेलं, ट्रेमुळे पुसायला हात मोकळा नाही.

‘घ्या ना, साहेब,’ तो अगदी हळू म्हणाला.

‘या बाकावर येत नाही तो,’ पाळक म्हणाले. ‘परत न्या.’

बेकरीवाला हलेना. मग बाईंनीच त्याच्या कोपराला हात लावून त्याला वळवलं, आणि तो ट्रे घेऊन मेजेकडे परत गेला.